दावणीपाशी उतारवय

सांगोल्याच्या किंवा काष्टीच्या बाजारात एखादे जनावर विकावयास उभे केले, की जाणता गिऱ्हाईक त्याच्या कासेकडे, शिंगांकडे अथवा चालीकडे वळण्यापूर्वी त्याचा खालचा ओठ ओढून दात पाहतो. कारण गुरांच्या खालच्या जबड्यातील पुढचे आठ दुधाचे दात ठराविक क्रमाने पडून त्यांच्या जागी कायमचे दात येतात, आणि दोन-अडीच वर्षांच्या सुमारास दोन, पुढे साधारण वर्षावर्षाच्या अंतराने चार व सहा, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही आले, म्हणजे जनावर जुळले असे समजतात. आदत, दुसा, चौसा, सहादाती आणि जुळलेला ही वयोमानाची परिभाषा इतकी नेमकी आहे, की तिच्यावर सौदा ठरतो, किंमत चढते-उतरते, आणि विम्याच्या कागदावर वयाचा रकाना भरला जातो. मात्र जो मनुष्य त्या जनावराच्या घराण्याला वीस-पंचवीस वर्षे वैरण घालीत आला, ज्याच्या हातांनी त्याच्या आईची आणि आजीची धार काढली, त्याच्या स्वतःच्या वयाची दखल घेणारा रकाना कोठल्याच दप्तरात नाही. शासकीय कर्मचाऱ्याला ठरलेल्या वयात निवृत्त करण्यात येते. दावणीपाशी राबणाऱ्या माणसाला कोणी निवृत्त करीत नाही, आणि तोही स्वतःला करून घेत नाही.

हा प्रश्न आजच विशेषेकरून उभा राहण्यास एक ऐतिहासिक कारण आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. गांधीजींच्या सांगण्यावरून उरुळी कांचन येथे राहिलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. १९७० साली देशभर ‘ऑपरेशन फ्लड’ या योजनेस आरंभ झाला. आणि त्यानंतरच्या दोन दशकांत पश्चिम महाराष्ट्रातील गावोगाव दूध संस्था निघून, गावठी गाईच्या पोटी जर्सी आणि होल्स्टीन रक्ताच्या कालवडी जन्मास आल्या. दोन-अडीच एकरांच्या खातेदारास दुधाचा पगार म्हणून दर दहा दिवसांनी रोख पैसा मिळू लागला, ही त्या काळच्या खेड्यातील लहानसहान क्रांती नव्हती. परंतु १९७५ साली वयाच्या विसाव्या वर्षी ज्याने पहिली संकरित कालवड दावणीला बांधली, तो मनुष्य आज सत्तरीत आहे. म्हणजे दुधाच्या धंद्यात उतरलेली पहिली संपूर्ण पिढी एकाच वेळी वृद्ध होत आहे, आणि तिची मुले बहुधा पुणे, पिंपरी-चिंचवड अथवा मुंबई येथे नोकरीस आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सुमारे ८६ टक्के जमीनधारणा दोन हेक्टरांहून लहान आहेत, आणि सरासरी धारणा १.०८ हेक्टर एवढीच उरली आहे. एवढ्या लहान रानावर गडी ठेवून गोठा चालविणे परवडत नाही, म्हणून घरात जे हात असतील त्याच हातांवर तो चालतो.

त्या हातांवर भार किती, याचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा. चारशे किलो वजनाच्या, दिवसाला आठ-दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईस रोज सुमारे वीस किलो हिरवी वैरण, पाच किलो कडबा आणि चार-पाच किलो पेंड लागते. ती साठ-सत्तर लिटर पाणी पिते. आणि बारा ते पंधरा किलो शेण टाकते. अशा दोन गाई असल्या, तर साठ किलो खाद्य आत न्यावयाचे आणि तीस किलो शेण उकिरड्यावर न्यावयाचे, म्हणजे नव्वद किलो वजन रोज उचलले जाते. वर्षाचे ते तेहेतीस टनांच्या घरात जाते. पाणी बादलीने पाजावे लागत असेल तर त्यात रोज आणखी सव्वाशे किलोंची भर पडते. शिवाय वैरण कापणे, ती डोक्यावरून आणणे, कुट्टी करणे, गोठा झाडणे आणि दूध डेअरीला घालणे हे निराळेच. यात रविवार नाही, सणाची सुटी नाही, आणि अंगात ताप असला तरी पहाटेची धार चुकवता येत नाही. पिकाच्या शेतीत पेरणी आणि काढणी यांच्या मध्ये माणसाला दम खाण्यास अवकाश मिळतो. गोठ्यात तो मिळत नाही. म्हणूनच उतारवय शेतकऱ्याला रानात जाणवते त्याच्या कितीतरी आधी गोठ्यात जाणवते.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता तिशीनंतर मनुष्याच्या स्नायूंचे प्रमाण दर दशकात तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते, आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. नित्य श्रम करणाऱ्यांत ती मंदावते हे खरे. परंतु त्याच श्रमांनी गुडघे, कंबर आणि अंगठ्याचा तळसांधा झिजतो. येथे एक विसंगती नमूद करावीशी वाटते. स्नायू टिकविण्यास म्हातारपणी प्रथिनांची गरज तरुणपणापेक्षा कमी नसून किंचित अधिकच असते. अर्ध्या लिटर दुधात सुमारे सोळा ग्रॅम प्रथिने असतात. आणि तरीही ज्या घरातून सकाळ-संध्याकाळ कॅन भरून डेअरीला जातो, त्या घरातील म्हातारा पाव कप दुधाच्या चहावर दिवस काढतो. दुधाचा लिटर विकला गेला म्हणजे त्याचे रुपये दिसतात. प्यायला गेला म्हणजे त्याचे काय झाले ते दिसत नाही. घरच्या वृद्ध माणसांसाठी रोज अर्धा-अर्धा लिटर दूध कॅनमध्ये ओतण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावे.

धार काढण्याच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माणसाचे वय जनावराच्या अंगात प्रत्यक्ष कोठे उतरत असेल तर ते येथे. गाय पान्हा सोडते ती आपल्या इच्छेने नव्हे, तर एका अंतःस्रावाच्या योगाने. कासेला हात लागला, वासरू जवळ आले, पेंडीच्या पाटीचा ओळखीचा आवाज कानी पडला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात येते, ते कासेपर्यंत पोचते, आणि दुधाच्या सूक्ष्म कोषिकांभोवतीचे तंतू आकुंचन पावून दूध सडांकडे ढकलले जाते. हे सारे एखाद्या मिनिटात घडते, आणि त्याचा अंमल पाच ते सात मिनिटे टिकतो. याचा अर्थ असा, की कसलेल्या हाताला मिळणारा अवधी मुळातच अल्प आहे. तेवढ्यात कास मोकळी झाली नाही, तर उरलेले दूध आतच राहते. असे रोज घडू लागले म्हणजे कासेत दाब राहिल्यामुळे पुढचे दूध बनण्याची क्रिया मंदावते, दूध हळूहळू कमी होते, आणि मागे राहिलेल्या दुधात जंतूंस वाव मिळून कासदाह, ज्याला खेड्यात दगडी म्हणतात, तो जडण्याचा धोका वाढतो.

आता या पाच-सात मिनिटांच्या मर्यादेत सत्तरीचा हात कल्पून पहा. धार काढण्याची शास्त्रशुद्ध रीत पूर्ण मुठीची. चारही बोटे आणि तळहात यांत सड धरून वरून खाली क्रमाने दाबत आणावयाचा. पुष्कळजण अंगठा आत मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबतात, किंवा चिमटीत धरून खाली ओढतात. या दोन्ही रीतींनी सडाच्या आतील नाजूक अस्तरास इजा होते, आणि तीही दगडीला निमंत्रण देते. मुठीतील ताकद कमी झाली, अंगठ्याचा तळसांधा दुखू लागला, म्हणजे मनुष्य नकळत मुठीवरून चिमटीवर येतो. हा सांधा पन्नाशीनंतर स्त्रियांत अधिक झिजतो, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत निदान एक वेळची धार स्त्रियाच काढतात. म्हणजे दूध घटले अथवा एखादा सड बिघडला, तर आपण गाईच्या वेताला, पेंडीच्या गोणीला अथवा कोणाच्या दृष्टीला दोष देतो; आणि कारण मात्र आपल्या बोटांच्या सांध्यांत असते. कासदाहाचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी गाईची कास तपासल्यावर धार काढणाऱ्याचा पंजाही एकदा पाहावा, असे मी पूर्ण गांभीर्याने सुचवितो.

बळ घटते त्याच काळात दुसरे एक सामर्थ्य वाढत असते, ते नजरेचे. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, आणि माज साधारण अठरा तास टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे असा प्रघात आहे, आणि तो शास्त्रास धरून आहे. ही वेळ हुकली म्हणजे एकवीस दिवस गेले; त्या एकवीस दिवसांची वैरण, पेंड आणि पुढे गेलेले वेत हे सगळे नुकसानच. म्हशीचा माज तर बऱ्याचदा मुका असतो. ती ओरडत नाही, उड्या मारीत नाही, आणि रात्री अथवा पहाटेच्या थंडाव्यात तिची लक्षणे दिसून नाहीशी होतात. अशा वेळी पहाटे तीनलाच जाग येणारा म्हातारा, जो काठी टेकत गोठ्यात येऊन अर्धा तास नुसता उभा राहतो, तो एखाद्या तरुण मुलाच्या दिवसभराच्या कष्टांहून अधिक मोलाचे काम करून जातो. सोटाची चिकट तार, रवंथ थांबणे, कान पडणे, एका पायावर भार देणे, वैरणीकडे पाहून मान फिरविणे ही सारी भाषा चाळीस-पन्नास वर्षांच्या सहवासाने येते. ती कोणत्याही अभ्यासवर्गात शिकविता येत नाही. यास्तव म्हातारपणी गोठ्यातील कामाची वाटणी करावयाची असेल, तर उचलण्याचे काम तरुणाकडे आणि पाहण्याचे काम वृद्धाकडे अशी ती असावी. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते: मुलगा मोटारसायकलवरून दूध घालून येतो, वही सांभाळतो, डॉक्टरांना फोन करतो; आणि शेणाची पाटी म्हातारीच्या डोक्यावर राहते.

ही पाहण्याची विद्या कागदावर उतरविणेही आवश्यक आहे. गाय नऊ महिने नऊ दिवस आणि म्हैस दहा महिने दहा दिवस हा हिशेब प्रत्येकाच्या तोंडी असतो. परंतु रेतनाची तारीख जर एकट्या म्हाताऱ्याच्या स्मरणात असेल, आणि तो मध्येच आजारी पडला, तर विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवावयाची केव्हा हे कोणासच ठाऊक राहत नाही. शाळेची एक साधी वही पुरते. जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक, माजाची तारीख, रेतनाची तारीख, विण्याची तारीख आणि लसीकरण इतके तीत लिहिले, म्हणजे अर्धा गोठा वारसाच्या हाती सुपूर्द झाला.

आता धोक्यांविषयी. गाईच्या डोळ्यांची ठेवण अशी आहे, की तिला मान न वळविता जवळजवळ सभोवारचे दिसते. दिसत नाही तो केवळ बरोबर पाठीमागचा पट्टा. तिकडून अचानक हात लागला तर ती दचकते, आणि तिची लाथ सरळ मागेच न जाता पुढे व बाजूस वळूनही येते. तरुणपणी अशी लाथ चुकविता येते. सत्तरीत प्रतिक्रियेला लागणारा क्षण लांबतो, ओल्या फरशीवर तोल सावरत नाही, आणि ठिसूळ झालेले खुब्याचे हाड मोडले, तर मनुष्य कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. जनावराजवळ जाताना दुरूनच आवाज देत, खांद्याच्या बाजूने जावे. गोठ्यातील फरशीला खाचा पाडून घ्याव्यात. गव्हाणीच्या बाजूने हाताला आधार म्हणून एक आडवा पाइप लावावा. या गोष्टींस फार खर्च येत नाही.

रोगांचा धोका याहून गूढ आहे. सांसर्गिक गर्भपात या गुरांच्या रोगाचे जंतू गाभडलेल्या गाईच्या वारेतून आणि स्रावांतून माणसाच्या हातावरील बारीकशा जखमेवाटे शरीरात शिरतात, आणि मग महिनोनमहिने चढउतार होणारा ताप, घाम, कंबरदुखी, सांधेदुखी व थकवा असा विकार जडतो. तरुणाला असे झाले तर घरचे लोक काळजीने दवाखान्यात नेतात. साठीच्या माणसाला झाले, तर वय झाले म्हणून सोडून देतात. हा भेद प्राणघातक नसला तरी अतिशय क्लेशदायक आहे, कारण या रोगावर औषध आहे आणि ते वेळेवर मिळाले पाहिजे. वार ओढताना हातमोजे घालावेत, गाभडलेल्या वासराची आणि वारेची चुना टाकून खोल खड्ड्यात विल्हेवाट लावावी, दूध उकळल्यावाचून पिऊ नये, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस टोचून घ्यावी. दुसरी गोष्ट पिसाळण्याची. पिसाळलेल्या जनावरास गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, आणि जाणत्या म्हाताऱ्याला वाटते की घशात काही अडकले आहे. तो अनुभवाच्या विश्वासावर कोपरापर्यंत हात घालून पाहतो. असा हात घातला गेला असेल, तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने तो धुऊन सरकारी दवाखान्यात लस घेण्यास जावे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही. धनुर्वाताचे तसेच. आपल्या देशात बालकांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या खेड्यातील पुरुषांपैकी अनेकांना लहानपणी ही लस मिळालेलीच नाही, आणि शेणामातीत धनुर्वाताचे बीज सदैव असते.

याच ठिकाणी दुष्काळी भागातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत माण, आटपाडी, सांगोला, बीड या बाजूंस चारा छावण्या उघडल्या, आणि प्रत्येक घरच्या जनावरांबरोबर एक माणूस छावणीत राहणे भाग पडले. कर्ती माणसे कामधंद्यासाठी बाहेर आणि मुले शाळेत, म्हणून तेथे राहिले ते बहुतेक घरचे म्हातारे. ताडपत्रीच्या सावलीत, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून त्यांनी महिनोनमहिने काढले. छावण्यांचे जे अहवाल झाले त्यांत जनावरे मोठी किती व लहान किती यांची मोजदाद काटेकोर आहे. माणसांच्या वयाचीही तशी मोजदाद व्हावयास हवी होती, आणि पुढचा दुष्काळ येईल तेव्हा छावणीच्या नियमांतच वृद्धांसाठी निवारा, औषधोपचार व पिण्याचे स्वच्छ पाणी यांची तरतूद असावयास हवी.

जनावरांच्या वार्धक्याचा प्रश्न माणसाच्या वार्धक्यापासून वेगळा करता येत नाही. गाईचे दूध तिसऱ्या ते पाचव्या वेतापर्यंत चढते आणि पुढे उतरते. संकरित गाय पाच-सहा वेते देते, गावठी त्याहून अधिक. आणि नैसर्गिक आयुष्य मात्र वीस वर्षांपर्यंत असू शकते. म्हणजे दूध संपल्यावरही दहा वर्षे तिला पोसावयाचे असते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यान्वये गाईच्या कत्तलीस बंदी होतीच; ती बैल आणि वळू यांनाही लागू करणाऱ्या १९९५ च्या दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यामागील श्रद्धेचा मी आदर करतो. तथापि पूर्वी थकलेला बैल विकून त्याच्या पैशांत भर घालून नवा घेण्याची जी रीत होती, ती लहान शेतकऱ्याच्या हातची गेली, आणि भाकड जनावराला पोसण्याचा संपूर्ण बोजा ज्याच्या स्वतःच्या हातात बळ उरलेले नाही अशा माणसावर येऊन पडला, हेही तितकेच सत्य आहे. समाजाला जर गोवंशाने नैसर्गिक मृत्यूपर्यंत जगावे असे वाटत असेल, तर त्या जगण्याचा खर्च समाजाने वाटून घेतला पाहिजे. तो दोन एकरांच्या खातेदाराच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. शासकीय साहाय्याच्या पशुविम्यातही दुभत्या गाईस साधारण दहाव्या वर्षापर्यंतच संरक्षण मिळत आले आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे एक कोटी चाळीस लाख भरली, आणि ती आधीच्या गणनेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होती. लहान माणसाने हिशेब करून दावण आवरती घेतली, असाच तिचा अर्थ मी लावतो.

मग उतारवयात गोठा ठेवूच नये काय? मला तसे मुळीच वाटत नाही. गोठा हा म्हाताऱ्या माणसाला पहाटे उठण्याचे कारण देतो, दहा दिवसांनी स्वतःच्या हातचा पैसा देतो, आणि घरात त्याच्या शब्दाला वजन राहू देतो. परंतु गोठा माणसाच्या वयानुरूप बदलला पाहिजे, आणि तो बदल आजारपण येण्यापूर्वी, पंचावन्न-साठीच्या सुमारास, अंगात जोर असतानाच करावयास हवा.

त्यात पहिला बदल बांधणीचा. मुक्त संचार गोठ्यात जनावरे दावणीला न बांधता कुंपणाच्या आत मोकळी सोडतात. पाण्याची टाकी आणि गव्हाण त्यांच्या समोर कायम भरलेली असते. पाणी पाजण्याचे काम संपते, सोडबांध संपते, शेण रोज न भरता काही दिवसांनी एकदम काढता येते, आणि मोकळ्या हिंडणाऱ्या गाईचा माजही सहज ओळखू येतो. दुसरा बदल वैरणीचा. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवाबंद पिशवीत अथवा खड्ड्यात दाबून ठेवला, की दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो; वर्षातून एक-दोनदा माणसे लावून तो भरून घेतला म्हणजे भर पावसात विळा घेऊन बांधावर जाण्याची पाळी येत नाही. पिशवी फाडून बुरशी आलेला भाग मात्र टाकून द्यावा. कुबट मुरघास किंवा कडबा जनावराच्या पोटास जितका वाईट, तितकाच त्याची धूळ म्हाताऱ्याच्या फुप्फुसास वाईट. तिसरा बदल धार काढण्याच्या यंत्राचा. एका बादलीचे यंत्र दोन-तीन गाईंस पुरते, आणि ते हातातील दुखरा सांधा वाचविते, मात्र त्याचे रबरी भाग रोज नीट धुतले नाहीत तर तेच रोगाचे वाहन होते.

वेतांची वेळही आपल्या हातात असते. जानेवारीत रेतन केलेली गाय ऑक्टोबरच्या सुमारास विते. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, हिरवा चारा मुबलक असतो, आणि पुढच्या श्रावण-भाद्रपदात, म्हणजे गोठा निसरडा असतो त्या दिवसांत, ती आटलेली असते. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरल्या तर दहांपैकी नऊ वासरे कालवडी होतात, आणि सांभाळता न येणाऱ्या गोऱ्ह्याचा प्रश्न पुष्कळ अंशी टळतो. डॉक्टर अथवा रेतन करणारा कार्यकर्ता दारात येतो ही सोय मणिभाईंच्या संस्थेने रूढ केली. म्हाताऱ्या माणसाला आज तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा नसेल.

जातीच्या निवडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. खिलार ही माणदेशाची शान खरी. परंतु ती तापट, चपळ आणि दुधाला बेताची, म्हणून तिला आवरणारा हात बळकट हवा. होल्स्टीन रक्त अधिक असलेली गाय दूध पुष्कळ देते. पण उन्हाळ्यात धापा टाकते आणि तिच्या खाण्यापिण्यात चूक खपत नाही. उतारवयाला एक बेताच्या दुधाची शांत गाय, लातूर-उदगीरकडील देवणीसारखी, किंवा एक पंढरपुरी म्हैस पुरे. पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब, पण स्वभाव गरीब. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभी राहून ती पान्हा सोडते, आणि लोक धारोष्ण दुधाचे पेले तेथेच रिकामे करतात. हा गुण वृद्धाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एकाच हाताची सवय झालेली गाय तो हात एके दिवशी आला नाही, की भेदरते. भीतीने रक्तात उतरणारे द्रव्य ऑक्सिटोसिनला कासेपर्यंत पोचू देत नाही, आणि ती पान्हा चोरते. दवाखान्यात पडलेल्या म्हाताऱ्याला घरून येणारी पहिली बातमी बहुधा हीच असते. म्हणून आपले हात चालू असतानाच आठवड्यातून दोन-तीन धारा सुनेला, मुलाला अथवा शेजाऱ्याला काढू द्याव्यात.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. २०१९ साली केंद्राने लहान शेतकऱ्यांसाठी जी मानधन योजना काढली, तीत साठीनंतर दरमहा तीन हजार रुपये मिळावयाचे आहेत. परंतु तीत नाव घालण्याचे वय अठरा ते चाळीस ठेवले असल्यामुळे आज जे वृद्ध आहेत त्यांना तिचा काही उपयोग नाही, त्यांच्या मुलांना मात्र जरूर आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेसाठी वय पासष्ट पूर्ण लागते आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. त्या मानाने सात लिटर दूध रोज डेअरीला गेले आणि लिटरला तीस रुपये धरले, तरी दहा दिवसांची रक्कम एकवीसशे होते; निम्म्याहून अधिक वैरण-पेंडीत गेली तरी जे उरते ते म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या मुठीत राहते.

मात्र ती मूठ कोणाची, हे पाहिले पाहिजे. गोठ्यात राबते ती बहुधा म्हातारी, आणि दूध संस्थेतील सभासदत्व व बँकेतील खाते असते ते म्हाताऱ्याच्या नावावर. तो अगोदर गेला, की दुधाचा पगार अडकतो, संस्थेतील भाग आणि ठेवी अडकतात, आणि फेरफाराच्या खेपा तिच्या नशिबी येतात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात सभासदाला आपल्या हयातीतच नामनिर्देशन करून ठेवण्याची सोय आहे, आणि मृत्यूनंतर त्याचा हितसंबंध त्या व्यक्तीच्या नावे करता येतो. संस्थेच्या सचिवाकडून तो कोरा अर्ज मागून घ्यावा, पत्नीचे नाव लिहावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि पोच घेऊन ती गोठ्याच्या वहीत लावून ठेवावी. त्याहून बरे म्हणजे तिला स्वतंत्र सभासद करून निदान एका गाईचे दूध तिच्या नावे घालावे, आणि त्या दुधाचा पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्यावा.